हिरडीतलं रक्त, छातीतला कफ आणि सुपारीचं खांड : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

तोंडाच्या आरोग्याविषयी प्रश्न मागवले, तेव्हा दातदुखीचीच पत्रं येतील असं वाटलं होतं. आली ती अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतची, आणि त्यांत कुणाची साखर गुंतलेली, कुणाचं बाळंतपण, कुणाचा वारंवार येणारा ताप. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : वय ५४. दहा वर्षं मधुमेह आहे. गोळ्या वेळेवर घेतो, भात एक वेळच, तरी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) ८.५ च्या खाली येत नाही. ब्रश केला की हिरड्यांतून रक्त येतं, म्हणून ब्रश सोडून बोटानं राखुंडी लावतो. हिरड्यांचा आणि साखरेचा काही संबंध असतो का? (लांजा)

असतो, आणि तो दोन्ही बाजूंनी असतो. साखर वाढलेली असली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात आणि जखम भरायला वेळ लागतो, त्यामुळे मधुमेहींच्या हिरड्या लवकर बिघडतात. उलट हिरडी महिनोन्‌महिने सुजलेली राहिली, की त्या सुजेतली रसायनं रक्तात उतरतात आणि शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. मग गोळी तीच, पथ्य तेच, आणि साखर जागची हलत नाही. हिरड्यांवर नीट उपचार झाले तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी साधारण ०.३ ते ०.४ नं उतरते, असं अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिल्यावर दिसलं आहे. तुमचे ८.५ त्यानं ६ होणार नाहीत. पण एवढ्या फरकासाठीसुद्धा डॉक्टर कधीकधी गोळी वाढवतात, हे लक्षात घ्या.

हिरड्यांचा आजार म्हणजे ‘तोंडात तळहाताएवढी उघडी जखम’ असं पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. ते वाढवून सांगितलेलं आहे. मोजणाऱ्यांनी हे क्षेत्रफळ ८ ते २० चौरस सेंटीमीटर काढलं आहे. तेही काही थोडं नाही. पायाला एवढी जखम असती तर मधुमेही माणूस एक दिवस घरी बसला नसता.

आता रक्ताचं. ब्रशमुळे रक्त येत नाही. हिरडीच्या कडेला जंतूंचा जो चिकट थर बसतो त्यानं हिरडी सुजते, आणि सुजलेल्या हिरडीला काहीही लागलं की रक्त येतं. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो यांनी निरोगी हिरड्यांच्या तरुणांना दात घासणं बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हा घासायला लागल्यावर आठवडाभरात पूर्ववत झाल्या. तुम्ही रक्त पाहून ब्रश सोडलात, म्हणजे सूज वाढायला मोकळं रान दिलंत.

राखुंडीनं दोन प्रकारे नुकसान होतं. बोट दाताच्या फुगीर भागावर फिरतं, हिरडीच्या कडेत आणि दोन दातांच्या फटीत जात नाही. आणि भाताच्या तुसाच्या राखेत सिलिका भरपूर असते. ती दात पांढरे करते ते घासून, झिजवून. वर्षानुवर्षं राखुंडी लावणाऱ्यांच्या दातांच्या मुळाशी, हिरडीलगत, आडव्या खाचा पडलेल्या दिसतात त्या याच.

करायचं असं. ब्रश ‘सॉफ्ट’ लिहिलेला, लहान डोक्याचा घ्या. पेस्ट वाटाण्याएवढी, ट्यूबवर फ्लोराइड १००० पीपीएमच्या आसपास लिहिलेलं असावं. ब्रशचे केस अर्धे दातावर, अर्धे हिरडीच्या कडेवर येतील असा तिरका, ४५ अंशांत धरा. जागच्या जागी, दाणाभर अंतरात, आठ-दहा वेळा हलवा, मग दाताच्या टोकाकडे झटका आणि पुढच्या दोन दातांवर जा. सुरुवात खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूनं करा. तिथं जिभेखालच्या ग्रंथींची लाळ साठते, म्हणून कीटण सर्वांत आधी तिथंच जमतं, आणि बहुतेकांचा ब्रश तिथं पोचेपर्यंत कंटाळा आलेला असतो. एकूण दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. एकदाच जमणार असेल तर रात्रीचं धरा, कारण झोपेत लाळ जवळजवळ थांबते आणि जंतूंना रात्रभर कुणी धुऊन काढत नाही. घासून झाल्यावर फेस थुंका, खळाखळा चुळा भरून पेस्टमधलं फ्लोराइड वाहून घालवू नका.

फटींसाठी झाडूचा हीर किंवा सेफ्टी पिन नको. हिरानं दोन दातांमधली हिरडी मागे सरकते आणि फट आणखी मोठी होते. औषधाच्या दुकानात फटींचे बारीक ब्रश मिळतात. जो जोर न लावता जातो पण सैल पडत नाही, तो तुमच्या मापाचा.

पहिले चार-पाच दिवस रक्त येईल, घाबरू नका. दहाव्या दिवसापर्यंत ते बरंच कमी व्हायला हवं. दोन आठवड्यांनंतरही येत असेल तर खाली कीटण आहे, ते घरी निघणार नाही. दंतवैद्याकडे गेल्यावर एक प्रश्न जरूर विचारा : ‘खिसे किती मिलिमीटरचे आहेत?’ हिरडी आणि दात यांमधली खाच १ ते ३ मिलिमीटर असणं ठीक. ४ किंवा जास्त असेल तर नुसती वरवरची सफाई पुरत नाही, मुळांवरून कीटण खरवडावं लागतं. वेळ सकाळची घ्या, न्याहारी करून आणि गोळी घेऊन जा. उपाशी जाल तर खुर्चीतच साखर उतरायची.

जाता जाता, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांसाठी : तुमच्या हिरडीतून रक्त येत नाही म्हणून ती चांगली आहे असं समजू नका. धूम्रपानानं हिरडीतला रक्तपुरवठा आक्रसतो आणि रक्त येण्याचं लक्षणच झाकलं जातं.

प्रश्न : कीटण काढलं की दात हलायला लागतात, आणि वरची दाढ काढली की नजर कमी होते. खरं का? (दापोली, गुहागर आणि आणखी सात पत्रं)

दोन्ही खोटं. हाड आधीच झिजलेलं असतं आणि दातांना एकमेकांशी कीटणानं बांधून ठेवलेलं असतं. ते काढलं की खरी परिस्थिती उघड होते. आणखी वर्षभर थांबलात तर तेच दात कीटणासकट हातात येतील. डोळ्याची नस वेगळी, दाढेची वेगळी.

प्रश्न : सासऱ्यांना अर्धांगवायू झाल्याला आठ महिने झाले. उजवी बाजू गेली आहे. कवळी आहे, ती रात्रंदिवस घातलेलीच असते. पेज भरवते. महिन्या-दीड महिन्यानं ताप येतो, छाती भरते, इंजेक्शनं घेतली की बरं वाटतं, परत तेच. गावातल्या डॉक्टरांनी ‘तोंड साफ ठेवा’ एवढंच सांगितलं. म्हणजे नक्की काय करू? (देवगड तालुका)

वहिनी, तुमच्या डॉक्टरांनी थोडक्यात पण अचूक सांगितलं आहे. अर्धांगवायूनंतर गिळण्याचे स्नायू कमजोर होतात. झोपेत लाळ थेंबाथेंबानं श्वासनलिकेत उतरते. धडधाकट माणसाला ठसका लागून ती बाहेर येते, यांना कधीकधी ठसकाच लागत नाही. त्या लाळेत किती जंतू आहेत, यावर न्यूमोनिया होणार की नाही हे पुष्कळसं ठरतं. जपानमधल्या वृद्धाश्रमांत जेवणानंतर रोज तोंड साफ करण्याची पद्धत ठेवल्यावर न्यूमोनिया आणि त्यानं होणारे मृत्यू कमी झाले. जपानमधल्याच ऐंशी-नव्वदीच्या वृद्धांच्या पाहणीत रात्री कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त आढळला.

म्हणून आज रात्रीपासून पहिली गोष्ट : कवळी काढून ठेवायची. बेसिनमध्ये थोडं पाणी भरून त्यावर धरून घासा, म्हणजे हातातून सटकली तर फुटणार नाही. साधा साबण आणि मऊ ब्रश. दात घासायची पेस्ट किंवा राखुंडी नको, प्लास्टिकवर ओरखडे पडतात आणि बुरशी त्यांत घर करते. गरम पाण्यात टाकलीत तर वाकते. रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा आणि पाणी रोज बदला. कवळीखालचा टाळू लालभडक दिसला तर ती बुरशी आहे, त्याला औषध लागतं.

तोंड साफ करण्यासाठी हे जवळ घ्या : लहान मुलांचा मऊ ब्रश, दोन वाट्या पाणी (एक ब्रश बुडवायला, एक धुवायला), जुन्या धुतलेल्या मलमलच्या पट्ट्या, टॉर्च, गळ्याखाली टॉवेल, आणि ओठांना लावायला व्हॅसलिन.

खाल्ल्यानंतर अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर उबळ येईल. उशा लावून निदान ४५ अंश उठवून बसवा. मान मागे टाकायची नाही, हनुवटी थोडी छातीकडे. बसवणं अगदीच जमत नसेल तर डाव्या कुशीवर वळवा, म्हणजे चांगली बाजू खाली आणि अधू बाजू वर. पाणी आणि लाळ चांगल्या बाजूला साठते, तिथं त्यांना कळतं आणि तोंडाबाहेर येऊ देता येते.

आधी ओठ ओले करा. कोरडे ओठ ताणले तर फाटतात आणि मग ते तोंड उघडायलाच नकार देतात. टॉर्च मारून उजव्या गालाच्या आत बघा. तिथं जेवणाचा गोळा तसाच पडलेला असतो, कारण त्या बाजूला जाणीव नसते. तो बोटाला मलमल गुंडाळून काढा. उरलेले दात असतील तर ब्रश पाण्यात बुडवून, झटकून, जवळजवळ कोरडा करून घासा. दर दोन-तीन दातांनंतर दुसऱ्या वाटीत धुवा. दात नसतील तरी हिरड्या, टाळू आणि गाल पुसायचे. जीभ मागून पुढे, हलक्या हातानं, तीन-चारदा. वाळलेल्या खपल्या ओरबाडू नका, ओल्या पट्टीनं पाच मिनिटं भिजवा, सुटतात. तोंडात पाणी ओतून चूळ भरायला लावणं मात्र टाळा, कारण जे टाळायला एवढं सगळं करतो आहोत तेच त्यानं होतं. दातांमध्ये बोट घालू नका, चावा बसतो. तोंड उघडं ठेवायला दुसऱ्या ब्रशचा दांडा कापड गुंडाळून वापरा. सगळ्याला पाच-सहा मिनिटं लागतात. सकाळी आणि रात्री एवढं झालं तरी खूप.

नाकातून नळी असलेल्या रुग्णांच्या घरच्यांनीही हे करायचं आहे. तोंडानं खात नाहीत म्हणून तोंड स्वच्छ राहतं, असं होत नाही. चावणं-गिळणं थांबलं की तोंड स्वतःहून साफ होण्याची सोयच जाते.

आता पेजेविषयी. ज्यांचं गिळणं बिघडलं आहे त्यांच्यासाठी आपली कोकणातली पेज फसवी असते. वर पातळ पाणी, खाली शितं. शितं चघळेपर्यंत निवळ पाणी घशात घरंगळतं आणि ठसका लागतो. साधं पाणी तर त्याहून अवघड, कारण ते सर्वांत वेगानं पळतं. पेज मिक्सरमधून काढून एकजीव आणि दाट करा, चमचा तिरका केल्यावर धार न लागता थबकन पडेल इतकी. नाचणीचं सत्त्व दाट शिजवलेलं चांगलं चालतं, कुळथाचं पिठलंही. चहाचा लहान चमचा, एका वेळी एक, डाव्या बाजूनं भरवा. आधीचा घास उतरला की पुढचा. टीव्ही बंद. जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका.

पाणी पिताना ठसका, जेवताना आवाज घोगरा-ओलसर होणं आणि वारंवार ताप ही तिन्ही लक्षणं गिळण्यात दोष असल्याची आहेत. जिल्हा रुग्णालयात किंवा कोल्हापूर-गोव्याला न्याल तेव्हा छातीच्या एक्स-रेबरोबर गिळण्याची तपासणीही मागा. ती वाचा-उपचारतज्ज्ञ करतात. अर्धांगवायूत बोलण्याचे उपचार पुष्कळदा सुचवले जातात, त्याच माणसाकडे गिळण्याचेही असतात, हे अनेकांना ठाऊक नसतं.

ते बोलू शकत असतील तर जेवणाआधी एक व्यायाम करून घ्या. ‘पा पा पा’ पाच सेकंद, मग ‘ता ता ता’, मग ‘का का का’, जितकं भरभर जमेल तितकं. ‘पा’ला ओठ मिटतात, त्यानं घास बाहेर सांडत नाही. ‘ता’ला जिभेचं टोक काम करतं, घास मागे ढकलणारं. ‘का’ला जिभेचं मूळ उचललं जातं, गिळताना लागणारं. जपानी दंतवैद्य वृद्धांच्या तोंडाची ताकद याच अक्षरांनी मोजतात : सेकंदाला सहापेक्षा कमी झाली तर तोंड कमजोर धरतात. आजोबांच्या तोंडून पाच सेकंदांत दहा आली तरी हरकत नाही, आकडा कॅलेंडरवर लिहा आणि महिन्यानं पुन्हा मोजा.

त्याच जपाननं १९८९ साली ‘ऐंशीव्या वर्षी वीस दात’ अशी मोहीम घेतली. २०१६ पर्यंत तिथल्या ऐंशीच्या निम्म्याहून अधिक लोकांचे वीस दात शाबूत होते. वीसच का? तेवढे असले की बहुतेक सगळं चावता येतं. आपल्याकडे साठीला बोळकं झालं तरी ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात, आणि मग भाकरी-मासे सुटतात, चहा-बिस्किटं आणि मऊभात उरतो. प्रथिनं कमी, स्नायू कमी, आणि गिळण्याचे स्नायूही त्यातच आले.

प्रश्न : मला पाचवा महिना आहे. माहेरी सगळ्या मशेरी लावतात, मीही लावते, दिवसातून चारदा. सोडली तर पोट साफ होत नाही. तंबाखू खात नाही मी, फक्त दात घासते. बाळाला अपाय होईल का? (खेड)

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेला तंबाखूच. भाजल्यानं निकोटीन जळून जात नाही. हिरडीला चोळल्यावर ते थेट रक्तात जातं आणि वारेतून बाळापर्यंत पोचतं. मुंबईत गरोदर स्त्रियांवर झालेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मशेरी-तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं. दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. तुम्हाला अजून चार महिने आहेत, आज सोडलीत तर उपयोग आहे.

पोटाचं तुम्ही म्हणता ते कल्पनेतलं नाही. निकोटीन आतड्यांना चाळवतं, म्हणून सकाळी मशेरी लावली की परसाकडे होते. सोडल्यावर दोन-तीन आठवडे त्रास होऊ शकतो. उठल्यावर दोन भांडी कोमट पाणी, रोज पालेभाजी, नाचणीची भाकरी, पिकलेलं केळं, आणि जेवल्यावर अंगणात फेऱ्या. एवढ्यानं होत नसेल तर दवाखान्यातून गरोदरपणात चालणारं औषध मागा, संकोच करू नका.

चारपैकी रात्रीची आणि दुपारची आधी बंद करा. सकाळची सर्वांत चिवट असते, ती शेवटी, पण आठवडाभराच्या आत. तल्लफ आली की काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ बडीशेप चघळा, सुपारी नको. पहिले तीन-चार दिवस चिडचिड, डोकं दुखणं होईल. घरात मशेरी भाजली जात असेल तर तो धूर तुम्ही टाळा आणि डबा नजरेआड ठेवायला सांगा. निकोटीनच्या गोळ्या गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे : १८००-११-२३५६.

माहेरच्या बायकांना एक सांगा. खालचा ओठ पुढे ओढून आरशात बघायचं. मशेरी जिथं चोळली जाते तिथं पुसून न जाणारा पांढरा चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर दुखत नाही म्हणून थांबू नये. सुरुवातीचा कर्करोग बहुधा दुखत नाही.

गरोदरपणात हिरड्या सुजून रक्त येणं वाढतं, त्यासाठी दंतवैद्याकडे जायला हरकत नाही. चौथा ते सहावा महिना उत्तम. उलट्या होत असतील तर लगेच ब्रश करू नका. भांडंभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरा आणि अर्ध्या-पाऊण तासानं घासा.

प्रश्न : सुपारीची बाग आहे, कातरायला बसलं की तोंडात खांड असतंच. तंबाखू, गुटखा कधीच नाही. वर्षभर झालं, चटणीनं तोंडाची आग होते आणि आता बटाटेवडा तोंडात मावत नाही. (श्रीवर्धन)

तोंड पूर्ण उघडा आणि उभी तीन बोटं, तुमचीच, वरच्या-खालच्या दातांमध्ये घालून बघा. तीन जात असतील तर ठीक. दोनच जात असतील तर याच आठवड्यात दंतवैद्य गाठा.

श्रीवर्धनचा रोठा, म्हणजे तिथली सुपारी, नावाजलेला आहे आणि ते तुमचं पोट आहे, म्हणून बागेविरुद्ध आम्हाला काही म्हणायचं नाही. पण नुसती सुपारी, तंबाखूशिवायची, कर्करोगकारक आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली स्पष्ट केलं. सुपारीतलं अरेकोलिन गालाच्या आतल्या अस्तराखाली तंतू तयार करणाऱ्या पेशींना चेतवतं, आणि तयार झालेले तंतू मोडण्याची क्रिया मंदावते. अस्तर पांढुरकं, कडक होतं, गालात दोरीसारखे पट्टे लागतात. जिभेलाही ते झालं तर जीभ बाहेर येत नाही. तोंड उघडत नाही म्हणून खाणं कमी, खाणं कमी म्हणून रक्त कमी. पुढे काहींना त्याच जागी कर्करोग होतो.

कडक झालेलं पूर्ण पूर्ववत होत नाही, पण पुढे जाणं थांबवता येतं. त्याची पहिली अट खांड बंद. कातरताना तोंडात लवंग किंवा बडीशेप ठेवा. दंतवैद्य गालात इंजेक्शनं देतात, गोळ्या देतात. त्याबरोबर घरचा व्यायाम लागतोच : आइस्क्रीमच्या लाकडी चपट्या काड्या एकावर एक रचून दाढांमध्ये धरायच्या, ताण बसेल इतक्याच, एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून चार-पाचदा. आठवड्यानं एक काडी वाढवायची. महिन्यातून एकदा पट्टीनं वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर मोजून लिहून ठेवा. ३५ मिलिमीटरच्या खाली असेल तर दर भेटीत डॉक्टरांना तो कागद दाखवा.

प्रश्न : वडिलांची बायपास झाली आहे, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत. दाढ काढायची तर गोळ्या किती दिवस आधी बंद करू? (अलिबाग)

स्वतःच्या मनानं एकही दिवस नाही. दाढेच्या जागेतलं रक्त दाबून थांबवता येतं, हृदयात किंवा मेंदूत झालेली गुठळी येत नाही. ॲस्पिरिन साधारणपणे चालूच ठेवून दात काढतात. वॉरफॅरिन किंवा ॲसिट्रोम असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) तपासून, शक्यतो आदल्या दिवशीचा, तो कागद न्या. नव्या प्रकारच्या गोळ्यांबाबत हृदयाच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी आणा. गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घाला, ‘ती लहान गुलाबी’ म्हणून कुणाला काही कळत नाही. दाढ काढल्यावर कापसाचा बोळा अर्धा तास दाबून ठेवायचा, मध्ये उघडून बघायचं नाही. चोवीस तास चूळ नाही, थुंकणं नाही, गरम चहा नाही. दुखलं तर पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅक रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर घेतल्या तर रक्तस्राव वाढवतात.

कृत्रिम झडप बसवलेली असेल, किंवा पूर्वी हृदयाच्या आतल्या अस्तराला संसर्ग झालेला असेल, तर दात काढण्याच्या अर्धा ते एक तास आधी प्रतिजैविकाचा एक डोस द्यावा लागतो, कारण हिरडीतून रक्तात गेलेले जंतू झडपेवर बसतात. नुसत्या बायपासला तो लागत नाही. ज्यांना लागतो त्यांनी आपणहून डॉक्टरांना त्याची आठवण करून द्यावी.

प्रश्न : उन्हाळ्यात दिवसभर कोकम सरबत, जेवणात सोलकढी. दात आंबतात. कोकम सोडू? (कुडाळ)

सोलकढी सोडायचं कारण नाही. आगळ, म्हणजे कोकमाचा रस, आंबट असतं, आणि साधारण ५.५ पीएचच्या खाली (पीएच जितका कमी तितकं आंबट) दाताचं आवरण मऊ पडायला लागतं. मात्र लाळ तासाभरात ते परत घट्ट करते. बिघडतं ते दिवसभर घोट घोट घेण्यानं, त्यात सरबतातली साखर. जेवणाबरोबर एकदाच घ्या, नंतर साध्या पाण्यानं चूळ. कैरी, करवंदं, बिमलं खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नका, तासभर थांबा. पित्तावर म्हणून आमसूल गालात धरून ठेवायची सवय असेल तर ती मात्र सोडा. संवेदनशील दातांची पेस्ट दोन ते चार आठवडे रोज वापरल्याशिवाय गुण देत नाही, चार दिवसांत निकाल लावू नका.

प्रश्न : दाढ सुजली की आई गरम विटेनं शेकते आणि ॲस्पिरिनची गोळी दाढेवर ठेवते. चालेल का? (राजापूर)

नाही. गोळीनं हिरडी भाजते, पांढरी पडते. बाहेरून शेकलं तर पू त्वचेकडे येतो आणि गालावर कायमची खूण राहते. कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा आणि पॅरासिटामॉल हा फक्त दवाखान्यापर्यंतचा आधार. पण सूज जबड्याखाली दोन्ही बाजूंना उतरली, जीभ वर उचलल्यासारखी झाली, लाळ गिळता येईना, आवाज बदलला, तर सकाळची वाट पाहू नका. ती सूज काही तासांत श्वास बंद करू शकते. १०८ ला फोन करा, रुग्णाला आडवं न करता बसवूनच न्या, आणि दंतवैद्य शोधण्याऐवजी थेट शल्यचिकित्सेची सोय असलेल्या रुग्णालयात जा.

प्रश्न : तारली, पेडवे खाताना काटा हिरडीत किंवा घशात रुततो. (मालवण)

हिरडीतला दिसत असेल तर चिमट्यानं, तो शिरला त्याच दिशेनं उलटा ओढा. दोन दातांमध्ये असेल तर दोरा काट्याच्या बाजूनं खाली घालून आडवा बाहेर काढा. सुईनं टोकरू नका. दुसऱ्या दिवशीही हिरडी ठणकत असेल तर तुकडा आत राहिला आहे, पू होण्याआधी काढून घ्या. घशातल्या काट्यावर कोरड्या भाताचा गोळा किंवा केळं गिळायची पद्धत घरोघरी आहे. त्यानं वरवरचा काटा कधी निघतोही, पण रुतलेला आणखी आत जातो आणि अन्ननलिकेला भोक पाडू शकतो. गिळताना एकाच जागी टोचतं, लाळ साठते किंवा थुंकीत रक्त दिसतं, तर काही न खाता-पिता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.